मुकादमबाईंची उत्तर दिशा

मुकादमबाई वर्गात आल्या की हजेरी नंतर, आधी खडू. टेबलाच्या पायाशी वाकून फरशीवर एक बाण काढायच्या, हात झटकायच्या आणि म्हणायच्या, "ही उत्तर. आता कुणी हरवायचं नाही."

संध्याकाळी शाळेची मावशी तो बाण पुसायची, दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा काढायच्या. यावरून दोघींचं कधी भांडण झालं नाही. मावशी फक्त एवढंच म्हणायची, "बाईंची उत्तर रोज एकाच जागी निघते, मला झाडायला बरं पडतं."

आमची शाळा भिवंडीजवळ, राहनाळच्या अंगाला, मराठी माध्यमाची. मी मराठी शिकवते. फरीदा मुकादम भूगोल आणि विज्ञान शिकवायच्या. फिकट साडी, डोक्यावरून पदर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. टाचेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी ते घालायला सांगितले होते, पण पोरांची पक्की समजूत होती की बाई कधीही पळत सुटतील. बाई पळाल्याचं काही मी पाहिलं नाही. त्या नेहमी थकलेल्याच दिसायच्या. तासावरून परत आल्या की स्टाफरूममधल्या मोडक्या पंख्याखालची खुर्ची धरायच्या, बूट काढायच्या, आणि डोळे मिटून म्हणायच्या, "सुजाता, दोन मिनिटं मी नाहीये." त्या दोन मिनिटांत मुख्याध्यापक आले तरी बाई नसायच्या.

त्यांचं माहेर रायगडकडच्या खाडीकाठचं. वडील जहाजावर खलाशी होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले महिने गच्चीवर, असं बाई सांगत. घरी आले की पोरीला शेजारी घेऊन चटईवर उताणे पडायचे आणि आकाश दाखवायचे. ध्रुवताऱ्याला ते कुतुब म्हणायचे. लग्न होऊन बाई भिवंडीत आल्या, कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात आणि उडत्या कापसात. इथल्या आकाशात कुतुब शोधावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. पण तक्रार करून त्या थांबायच्या. कोकणची आठवण काढून गळा काढणं त्यांना जमायचं नाही.

त्यांचं खरं वेड पाखरांचं. तेही सगळ्या पाखरांचं नाही. दुर्बीण गळ्यात घालून फिरणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. कितीतरी पक्ष्यांची नावं त्यांना यायची नाहीत आणि त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. त्यांना एकच गोष्ट छळायची. हिमालयापलीकडून निघालेला मूठभर जीव इथं, राहनाळच्या चिखलात, येऊन पोचतो कसा?

एकदा आठवीच्या वर्गाबाहेर उभी राहून मी त्यांचा तास ऐकला होता. माझा तास मोकळा होता आणि आतून हसण्याचा आवाज येत होता.

बाईंनी राजकुमार नावाच्या पोराला उभं केलं होतं. त्याचे वडील लूमवर कारागीर, मूळचे उत्तर प्रदेशातले.

"समज, तुझे डोळे बांधले," बाई म्हणाल्या. "ट्रकमध्ये घातलं. दिवसभर ट्रक चालला. कुठंतरी माळावर तुला उतरवलं आणि हातात होकायंत्र दिलं. घरी येशील?"

"येईन ना बाई."

"कसा?"

"होकायंत्र बघून."

"ते तुला उत्तर दाखवेल. पण तुझं घर त्या जागेपासून उत्तरेला आहे का दक्षिणेला, ते तुला कोण सांगणार?"

राजकुमारनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "ट्रकवाल्याला विचारीन."

वर्गात हशा फुटला. बाईसुद्धा हसल्या, पदर तोंडाला लावून. "बरोबर आहे रे तुझं. माणसानं विचारावंच. पण परीट पक्षी कुणाला विचारणार?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. पाखराला दोन गोष्टी लागतात. कुठल्या बाजूला जायचं ते कळायला हवं, आणि आपण आत्ता कुठं आहोत तेही कळायला हवं. बाजू कळायला सूर्य आहे, रात्री तारे आहेत, शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व. काही पिल्लं घरट्यात असतानाच आकाश बघून ठेवतात. सगळं आभाळ फिरतं, पण एक जागा फिरत नाही, ती ओळखून ठेवतात. पहिल्यांदा निघालेलं पिल्लू नुसतं दिशेच्या भरवशावर उडतं. वाऱ्यानं त्याला बाजूला ढकललं तर ते तसंच समांतर उडत जातं आणि भलतीकडे पोचतं. ज्यानं एकदा वाट केली आहे, ते म्हातारं पाखरू मात्र चुकलं तरी सुधारतं. नद्या, डोंगर, किनारा, कदाचित वाससुद्धा, सगळं त्याच्या ध्यानात असतं.

"बाई, चुंबक त्याला दिसतं कसं?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"पूर्ण माहीत नाही."

"तुम्हाला?"

"कुणालाच. डोळ्यात काहीतरी आहे म्हणतात. शोध चालू आहे. तू मोठी होशील तोवर कळेल कदाचित."

हे 'माहीत नाही' बाई फार मोकळेपणी म्हणायच्या. मुख्याध्यापकांना ते आवडायचं नाही. "मॅडम, मुलांसमोर माहीत नाही म्हणू नये, विश्वास उडतो," असं त्यांनी एकदा सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, उडू दे. परत येईल." मी चहाचा कप तोंडाला लावला म्हणून बरं, नाहीतर मला हसू आवरलं नसतं.

शाळेच्या मागं तेव्हा भाताचं खाचर होतं. पावसाळा संपला की त्यात ओल राहायची आणि परीट यायचा. पांढरा-काळा, शेपटी सारखी खालीवर. गावातली माणसं त्याला धोबी म्हणतात. बाई त्याची वाट बघायच्या, पण तसं कबूल करायच्या नाहीत. मधल्या सुट्टीत उगाच मागच्या पायऱ्यांवर उभ्या राहायच्या आणि एखाद्या दिवशी आत येऊन म्हणायच्या, "आले साहेब."

त्या खाचरावरही गोडाऊन झालं. राहनाळ, शेजारचं वळ गाव, सगळीकडे तेच चाललेलं. एका उन्हाळ्यात भराव पडला, पावसाळ्यात खांब उभे राहिले. पाऊस सरला आणि परीट आला. ताज्या सिमेंटच्या जोत्यावर उतरून तो टुकूटुकू चालायला लागला. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, शेपटी हलवायचा. खायला काय मिळणार होतं तिथं? आम्ही दोघी पायऱ्यांवर उभ्या होतो, पाचवीतल्या काही मुली डबे घेऊन बसल्या होत्या.

"बाई, त्याला आधीच सांगता येत नाही का, इथं गोडाऊन झालंय म्हणून?" एकीनं विचारलं.

"कोण सांगणार गं? तो निघाला तेव्हा त्याच्या डोक्यात शेतच होतं."

"हा तोच आहे का, मागच्या वर्षीचा?"

"शपथेवर नाही सांगत. त्याच्या पायात खुणेची कडी नाही. पण परत त्याच जागी येतात, एवढं खरं."

एकदोन दिवस तो जोत्यावर दिसला, मग दिसेनासा झाला. त्या आठवड्यात बाईंची टाच फार दुखत होती.

पुढं एका नोव्हेंबरात सकाळी शाळेत येताना आम्हाला त्या गोडाऊनच्या भिंतीशी पाखरं पडलेली दिसली. धुकं आणि धूर यांची गादी हवेत बसली होती. गोडाऊनवर नुकतेच मोठे दिवे लागले होते, स्टेडियमला असतात तसले. पाखरं चिमणीपेक्षा लहान, हिरवट तपकिरी. बरीचशी मेलेली, एखाददुसरं चोच वासून बसलेलं. बाई उकिडव्या बसल्या. एक पाखरू त्यांनी हातात घेतलं. "वटवट्या असावा," म्हणाल्या. "रात्री उडणारे. आभाळ झाकलेलं, तारे दिसेनात, खाली हा उजेड. त्याच्याभोवती फिरत राहिले असतील दमेपर्यंत."

त्या तशाच गोडाऊनच्या ऑफिसात गेल्या. मी मागोमाग. मॅनेजर तिशीचा पोरगा होता, खानदेशातला. बाईंना बघून तो उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाईंनी पदरातून ते पाखरू काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे आमच्यामुळं?"

"तुमच्या दिव्यांमुळं. वरच्या बाजूला तोंड आहे त्यांचं. खाली वळवता येतील. माल जमिनीवर आहे ना? आभाळात कशाला उजेड?"

"चोरीचं टेन्शन असतं हो. आणि वरून ऑर्डर असते."

"वरून म्हणजे?"

"हेड ऑफिस."

"मग तुम्ही फक्त या दोन महिन्यांपुरते वळवा. पुढचं पुढं बघू."

त्यानं खरंच वळवले. इलेक्ट्रिशियनला शिडीवर चढवून, स्वतः खाली उभं राहून वळवून घेतले. बाईंनी त्याच्यासाठी नारळाच्या वड्या पाठवल्या. पण महिनाभरात कुणीतरी मोठे साहेब येऊन गेले आणि दिवे परत वर झाले. तो पोरगा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आत यायला त्याला लाज वाटत होती.

"मॅडम, मी बोललो त्यांना. ऐकत नाहीत."

"बोललात ना? बास झालं," बाई म्हणाल्या. "नोकरी सांभाळा. वड्या आवडल्या का?"

तो गेल्यावर बाई फाटकाला टेकल्या. मला म्हणाल्या, "भांडायला हवं होतं गं. पण घरी जाऊन यांचं जेवण बघायचंय. एका दिवसात एकच भांडण होतं माझ्याच्यानं."

'हे' म्हणजे शब्बीरभाई. बाईंच्या आयुष्यातली मोठी लढाई त्यांच्याभोवतीच होती, आणि त्याबद्दल त्या क्वचित बोलायच्या. शब्बीरभाईंचा धामणकर नाक्याच्या पुढच्या गल्लीत लहानसा लूमचा कारखाना होता. तो बंद पडला, लूम भंगारात गेले, शेडही पाडली. त्यानंतर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग जेवलो की नाही ते. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. शेजारच्या खालाजान दुपारपर्यंत लक्ष ठेवायच्या, दुपारनंतर बाई.

शब्बीरभाई एक गोष्ट मात्र विसरले नाहीत. सकाळ झाली की खिशात कारखान्याची किल्ली टाकायची आणि निघायचं. कारखाना उरला नव्हता, पण त्यांचे पाय तिकडे बरोबर जायचे. नाक्यावरचे रिक्षावाले त्यांना ओळखत होते. "चाचा, बैठो, घर छोडता हूँ," म्हणून कुणीतरी परत आणून सोडायचं.

एक दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या तासाला खालाजानचा फोन आला. बाई वर्गातून बाहेर आल्या, हाताला खडू तसाच. मुख्याध्यापकांनी, नेहमी नाक मुरडणाऱ्या त्याच माणसानं, लगेच सांगितलं, "सगळे मोकळे तास असलेले निघा. मी वर्ग बघतो."

आम्ही नाक्यावर गेलो. रिक्षावाल्यांनी आधीच शोध सुरू केला होता. गल्लीत जिथं शेड होती तिथं बघून झालं होतं. इस्पितळात, पोलीस चौकीत कुणीकुणी गेलं होतं. रस्ता ट्रकांनी ठासून भरलेला, हॉर्न, धूळ, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. बाई त्या सगळ्यात मध्ये उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना भोवळ येणार. मी दंड धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "इथली पाण्याची टाकी कुठं गेली?"

"कुठली टाकी?" मी विचारलं.

एका रिक्षावाल्यानं सांगितलं, "टाकी? ती पाडली ना बाई काल. रस्ता रुंद करतायत."

"ते टाकीपाशी डावीकडे वळायचे," बाई म्हणाल्या. "गल्लीचं नाव, दुकानं, काही आठवत नाही त्यांना. टाकी आली की डावीकडं, एवढंच उरलंय. टाकी आलीच नाही तर ते वळणार नाहीत. सरळ चालत राहतील." मग माझ्याकडे वळून, "या रस्त्यानं सरळ गेलं तर पुढची टाकी कुठं आहे, सुजाता? उंच, लांबून दिसणारी?"

मी वळ गावची. रोज त्या रस्त्यानं येते-जाते. डोळ्यांसमोर एकच टाकी आली. "राहनाळला. गोडाऊनच्या कंपाउंडाशी."

"एवढ्या लांब नाही चालायचे चाचा," रिक्षावाला म्हणाला.

"चालतील," बाई म्हणाल्या. "दमले तर कारखान्यात जाऊन बसू, असं वाटत असेल त्यांना."

रिक्षानं आम्ही राहनाळला गेलो. टाकीपाशी डावीकडं वळलो. आत गोडाऊनची रांग, ट्रक, माल उतरवणारी माणसं. एका बंद शटरसमोर रिकाम्या खोक्यावर शब्बीरभाई बसले होते. हातात किल्ली. पायातली एक चप्पल तुटलेली. शेजारी चहाची टपरी चालवणारी गावातली बाई उभी होती. आम्हाला बघताच ती म्हणाली, "तुमचा मानूस हाय का? सकालपासून बसलाय बिचारा. कुलूप उघडाचा हाय, यवढाच बोलतो. दुसरा काय बोलत न्हाय. मी चाय दिली त्याला, बिस्कुट न्हाय खाल्ला."

बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मला वाटलं रडतील, किंवा ओरडतील. त्यांनी आधी त्यांच्या तळपायावरची धूळ पदरानं पुसली.

"किल्ली लागत नाय," शब्बीरभाई म्हणाले.

"आज सुट्टी आहे लूमला. कारागीर गावी गेलेत."

"मला कोणी बोललाच नाय."

"मीच विसरले सांगायला. चला."

ते लगेच उठले. रिक्षात बसल्यावर बाईंचा हात धरून झोपून गेले. मी फार हलून गेले होते, आणि अशा वेळी माणूस काहीतरी बोलून जातो. मी म्हणाले, "बाई, अगदी आपल्या परिटासारखं झालं ना. जागा गेली तरी..."

"नको," बाईंनी तिथंच तोडलं. आवाज चढवला नाही, पण तसा सूर मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "पाखरू पाखरू आहे. हे माझे मिस्टर आहेत, यांचं डोकं आजारी आहे. दोन्हीची एक गोधडी शिवू नकोस. कथाबिथा लिहायला बरं वाटेल, पण रोज उठून मला यांना शोधायचं असतं."

मग थोड्या वेळानं, खिडकी नसलेल्या त्या रिक्षातून बाहेर बघत, "रागावले नाही हं मी. दमलेय."

त्यानंतर शब्बीरभाई बाहेर पडायचे तेव्हा बाई त्यांना अडवत नसत. सकाळी शाळेआधी त्या स्वतः त्यांच्याबरोबर चालत जायच्या. नाक्याच्या पुढं, रिकाम्या झालेल्या त्या जागेपर्यंत. तिथं दोघं थोडं उभे राहायचे, "आज सुट्टी आहे" असं बाई म्हणायच्या, आणि परत. कुलूप लावून ठेवा, असं कितीजणांनी सुचवलं. मुलगीही फोनवर रडून तेच म्हणाली. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "त्यांना जायचं आहे. मी बरोबर जाईन. त्यात काय मोठं?" मोठं होतं. पावसात, उन्हात, रोज्यांत, सुजलेल्या टाचेनं, ते त्यांनी कितीतरी दिवस केलं. शाळेत येऊन बूट काढायच्या तेव्हा पाय बघवत नसत. त्यांचं कौतुक केलं की म्हणायच्या, "कौतुक नको, गरम पाणी दे."

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी शब्बीरभाई गेले. झोपेत, घरात, स्वतःच्या पलंगावर. मी पुरसा द्यायला, म्हणजे सांत्वनाला, गेले तेव्हा बाई शांत होत्या. म्हणाल्या, "शेवटी घरी होते. मला तेवढंच हवं होतं." मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन जाणार होती. सामान बांधायला सुरुवात झाली होती. या वयात नवं गाव कशाला, असं मी म्हटलं तर त्यांनी खांदे उडवले. त्या काही कुणी भिवंडीवर जीव टाकणाऱ्या नव्हत्या. त्यांना फक्त आता जिने चढवत नव्हते.

जाण्याआधी मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेत बोलावलं, मुलांना पाखरांवर चार शब्द सांगायला. बाई आल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी सुरुवात चांगली केली. पण मध्येच थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाकीचं तुम्हीच विचारा. मी बसून सांगते." मुलांनी पुष्कळ विचारलं. पाखरू झोपतं कधी? समुद्रावर पाऊस आला तर? बाईंनी जमेल तेवढी उत्तरं दिली, जमलं नाही तिथं माहीत नाही म्हणाल्या. मुख्याध्यापक मागं उभे राहून मान डोलावत होते.

दुपारी आम्ही शेअर रिक्षानं निघालो. मला वळला जायचं होतं, म्हणजे उलट्या बाजूला, पण बाईंना नाक्यापर्यंत सोडून यायचं मी ठरवलं. राहनाळच्या पुढं ट्रकांची रांग लागली होती. समोरच्या सीटवर ड्रायव्हरजवळ एक माणूस कापडाचा तागा मांडीवर घेऊन बसलेला, मागं आम्ही दोघी आणि एक कॉलेजची मुलगी. बाई काहीतरी सांगत होत्या, मुलीच्या घरी खिडकीतून डोंगर दिसतो असं काही. वाक्य अर्धवट राहिलं. मी वळून बघितलं तर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. पदर घसरला होता. पांढरे केस, उघडं तोंड, आणि हलकं घोरणं. इतक्या वर्षांत मी त्यांना डोळे मिटलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, झोपलेलं कधीच नाही.

नाका आला. कापडवाला उतरला, मुलगी उतरली. ड्रायव्हर मागं वळला. "मॅडम, धामणकर नाका. उतरायचंय ना?"

मी मानेनंच नाही म्हटलं. हात हलवला तर बाई जाग्या झाल्या असत्या.

"मग? पुढं स्टँडपर्यंत जाऊन मी परत फिरणार राहनाळला."

"फिर," मी हळूच म्हणाले. "आम्ही आहोत."

त्यानं आरशातून एकदा बाईंकडे बघितलं. स्टँडवर नवीन माणसं चढली. त्यांतली एक बाई आपली पिशवी माझ्या पायाशी ठेवता ठेवता थबकली, आणि पिशवी उचलून तिनं आपल्याच मांडीवर घेतली. ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता रिक्षा वळवली, आणि आम्ही पुन्हा त्या ट्रकांच्या रांगेत शिरलो.